आधी चुन्याची रेघ, मग सिमेंट: निर्वासितांच्या वस्तीसोबत गावकाम कसं आखायचं

निर्वासितांच्या वस्तीत पहिल्याच दिवशी "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नका. उत्तर मिळेल, भरपूर मिळेल, आणि त्यातलं बहुतेक तुमच्या कामाचं नसेल. घरकुल, पेन्शन, रस्ता, समाजमंदिर, मोबाइलचा टॉवर. ज्यांचं आयुष्यच याद्यांवर उभं राहिलं (छावणीची यादी, जमीनवाटपाची यादी, रेशनची यादी, दाखल्यांची यादी) ती माणसं वही-पेन घेऊन आलेल्या प्रत्येकाकडे अर्जच देतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. लिहिणारा माणूस आला की आपलं नाव लिहून घ्यायचं, हे त्यांना आज्या-आजोबांनीच शिकवलंय.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून रोजगार हमीच्या कामांवर तांत्रिक सहायक होते. एस्टिमेट, मोजमाप पुस्तिका, फोटो, बिल. आता एका छोट्या गटासोबत गडचिरोली-गोंदियाच्या धानपट्ट्यात काम करते, आणि त्यात बंगाली वस्त्याही येतात. शहरातल्या डिझाइनवाल्यांकडे याच कामाला ह्युमन-सेंटर्ड डिझाइन म्हणतात. आयडिओ डॉट ऑर्ग ही संस्था त्याचे तीन टप्पे सांगते: प्रेरणा, कल्पना, अंमलबजावणी. टप्पे बरोबर आहेत. पण आपल्याकडे काम सुरू होतं ते निधीच्या हेडपासून, म्हणजे पैसा कशावर खर्चायचा ते आधीच ठरवणाऱ्या लेखाशीर्षापासून. हेडमध्ये 'सामुदायिक शौचालय' असेल तर गावाची गरज शौचालय ठरते. हे उलटवायचं कसं, ते मी इथे लिहितेय. ग्रामपंचायत सदस्य, शाळेतले गुरुजी, एनएसएसची पोरं, बचत गटाच्या ताई, कोणालाही जमेल असं.

जायच्या आधी

आपण कोणाकडे चाललोय हे माहीत करून घ्या. पूर्व विदर्भात निर्वासित म्हटलं की मुख्यतः दोन समाज येतात. एक, पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली. त्यांना साठच्या दशकापासून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चामोर्शी-मुलचेराकडच्या जंगलपट्ट्यात, वसवलं गेलं. तिकडे गोंदियात अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं अरुणनगरही त्यांचंच. दुसरे तिबेटी. 1959 नंतर भारतात आलेल्यांपैकी काहींची वसाहत 1972 पासून गोठणगावजवळ आहे. नाव नोरग्येलिंग. इटियाडोह धरणाकडे गेलात की रंगीत पताका दिसतात.

दोघांना एकाच मापाने मोजू नका. बंगाली वस्तीत बहुतेकांकडे मतदार कार्ड आहे, जमीन आहे. भांडण आहे ते जातीच्या दाखल्याचं आणि जमिनीच्या हक्काचं. त्यांच्यात नमशूद्र बरेच आहेत. ही जात बंगालमध्ये अनुसूचित, महाराष्ट्राच्या यादीत नाही. तिबेट्यांपैकी बऱ्याच जणांकडे नागरिकत्व नाही, नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्याची मुदत सांभाळावी लागते, आणि वसाहतीची जमीन त्यांच्या मालकीची नसते. भारताने 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोणाला काय मिळतं हे त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर ठरतं.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. पक्कं बांधकाम करायचं तर जागा कोणाची? तलाठ्याकडे जाऊन सातबारा बघा. भोगवटादार वर्ग एक (पूर्ण मालकीची) की दोन (शासनाच्या अटींवर दिलेली), गावठाणात की वनहद्दीत, की भाडेपट्ट्यावर. हे एका सकाळीत होतं, आणि न केल्यास वर्षभर बांधलेलं काम एका नोटिशीने थांबतं.

आणखी एक. तिथली तिसरी पिढी इथेच जन्मली. चामोर्शीच्या बाजारात ती पोरं आपल्यासारखीच 'काहून बे' म्हणतात. त्यांना "तुम्ही निर्वासित" म्हणून सुरुवात केलीत तर गोष्ट तिथेच संपली.

'काल' विचारा

गरज विचारू नका, कालचा दिवस विचारा. "मासी, काल सकाळी उठल्यापासून सांगा." एवढंच. (मासी म्हणजे बंगालीत मावशी.) मग गप्प बसा. मधे "म्हणजे पाण्याचा त्रास आहे ना?" असं सुचवू नका. सुचवलंत की त्या हो म्हणणारच, कारण पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही.

एक उदाहरण जवळून सांगते. एका बंगाली वस्तीत मासळी विकणाऱ्या बायकांसाठी काम करायचं होतं. कागदावर आधीच ठरलं होतं की मत्स्यविक्री ओटा बांधायचा. टाइल्स लावलेला, वर पत्रे, पुढे शटर, जागा गावाच्या तिठ्यावर. एस्टिमेटही सुंदर होतं. आम्ही ते बाजूला ठेवलं आणि एका मासीसोबत आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळपासून राहिलो.

मासींच्या मालकांनी पहाटे अंधारातच बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, जाळं टाकलं. रोहू, कटला, थोडी मृगळ. मासळी काठावर आली तेव्हा तांबडंही फुटलं नव्हतं. मासींनी ती अॅल्युमिनियमच्या डेगचीत घातली, वर पळसाची पानं, त्यावर ओलं पोतं. मग रस्त्यावर येऊन बसल्या. काळी-पिवळी (सवारीची जीप) आली ती सवारी भरून. दुसरी आली, तिच्या चालकाने डेगचीचे वेगळे पैसे सांगितले आणि शेवटी बसवलं, पाय बाहेर. बाजारात पोचल्यावर मासींनी पहिलं काम केलं ते बर्फ शोधायचं. बर्फवाला तालुक्याहून येतो, पण तो स्वतःच उशिरा येतो. तोपर्यंत मासळी दोन-तीन तास बिनबर्फाची. सकाळी लवकर येणारं गिऱ्हाईक गलफडं उघडून बघतं, लाल दिसली तर भाव करतं. ऊन चढलं की गलफडं फिकी पडतात आणि भाव पडतो. दुपारी उरलं ते मासींनी ओळखीच्या हॉटेलवाल्याला जवळजवळ फुकट दिलं.

आता सांगा, त्या टाइल्सच्या ओट्यावर कोण बसणार होतं? गिऱ्हाईक तिठ्यावर नाही, आठवडी बाजारात आहे. अडचण विकायच्या जागेची नव्हतीच. अडचण होती जाळं काढल्यापासून बर्फ मिळेपर्यंतच्या वेळेची. मासींना विचारलं असतं तर त्या "ओटा पाहिजे" म्हणाल्याच असत्या. ओटा येतोय हे त्यांना आधीच कोणीतरी सांगितलं होतं, आणि येणाऱ्या वस्तूला कोण नाही म्हणतो?

बरोबर जाणं म्हणजे फक्त बघायला जाणं नव्हे. डेगचीची एक बाजू धरा. तेव्हाच कळतं की ती किती जड आहे आणि कान कुठे कापतो.

माणसं कधी असतात आणि कोण नसतं

बैठकीची तारीख तुमच्या सोयीने ठरवली की अर्धं गाव सुटतं. बंगाली वस्तीत रोवणीच्या दिवसांत दुपारी बोलावलंत तर म्हातारे आणि पुढारी भेटतील. बायका बांधीत चिखलात असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, दिवाळीच्या आगेमागे कापणी. तिबेटी वसाहतीत उलटं. हिवाळा लागला की कामाच्या वयाची माणसं स्वेटर विकायला शहरोशहरी जातात, मागे आजी-आजोबा आणि शाळेची पोरं. त्या दिवसांत तुम्ही 'सर्वांशी चर्चा झाली' असं लिहिलंत तर ते खोटं आहे.

म्हणून आधी जमिनीवर वर्षाचं कॅलेंडर काढा. रांगोळीने बारा खाने, आणि लाखोळीचे (इकडची एक डाळ) दाणे. ज्या महिन्यात काम जास्त तिथे दाणे जास्त. वेगळ्या रंगाचे दाणे, समजा तूर, आजारपणासाठी. आणखी वेगळे उसनवारीसाठी. ही पद्धत रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी जगभर पोचवली, पण आपल्या बायाबापड्यांना शिकवावी लागत नाही. पाच मिनिटांत त्या तुमच्या हातातून दाणे काढून घेतात आणि आपसात वाद घालायला लागतात. तो वाद लिहून घ्या. माझ्या अनुभवात खरी माहिती तिथेच असते: "भादव्यात उसने कुठून, तेव्हा देणाराच नसतो!"

आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, हिवाळ्यात बैठक ठेवताना रात्री जवळपास नाटक नाही ना, हे विचारून घ्या. वडशाची नाटक कंपनी आली असेल तर तुमच्या बैठकीला चहावाला पण राहणार नाही. हे गमतीने सांगत नाही.

बैठक एक नको, तीन-चार वेगवेगळ्या हव्यात. सुना वेगळ्या, सासवा वेगळ्या. पोरं वेगळी. ज्यांच्याकडे कागद कमी आहेत त्यांच्या घरी जाऊन. दुभाषा लागला तर पुढाऱ्याच्या पोराला घेऊ नका, कारण बाकीचे त्याच्या बापाला ऐकू जाईल एवढंच बोलतील. शाळकरी मुलाकडून आजारपणाचं किंवा नवऱ्याच्या दारूचं भाषांतर करून घेऊ नका. हिंदीत बहुतेकांशी बोलता येतं, तेव्हा दुभाषा लागेलच असंही नाही.

तिबेटी वसाहतीत प्रवेश सेटलमेंट अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे वसाहतीचा कारभार बघणाऱ्या तिबेटी अधिकाऱ्यामार्फत, होतो, तो मान ठेवा. पण पहिल्या भेटीनंतर त्यांच्या ऑफिसात बसून राहू नका. परवानगी तिथून घ्यायची, माहिती घराघरातून.

फोटोबद्दल एकच नियम पाळते: माणसाचा विचारून, कागदाचा कधीच नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च 2024 मध्ये आले, तेव्हापासून कागदाचा विषय निघाला की माणसं आणखी सावध होतात. तुमच्या फोनमधल्या कोणाच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या फोटोने त्याचं काही भलं होत नाही, वाईट मात्र होऊ शकतं. सर्व्हे फॉर्मवर आधार क्रमांकाचा रकाना असेल तर खोडून टाका. तुम्हाला तो लागत नाही.

प्रश्न नीट मांडा

दाणे, फेऱ्या, गप्पा झाल्या की भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि एकच वाक्य लिहा. ते वाक्य असं असावं की त्यात उत्तर लपलेलं नसेल. "मासळी विक्री ओटा कुठे बांधावा?" यात उत्तर आधीच बसलंय. "गावाचा विकास कसा करावा?" यात काहीच बसलेलं नाही. आमचं वाक्य होतं: "जाळं काढल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत मासळी ताजी कशी ठेवता येईल, डेगची दोन बायकांनी उचलता येईल एवढीच ठेवून?" शेवटचा तुकडा एका सुनेने घातला. त्या तुकड्याने पुढचं अर्धं काम ठरवलं.

कल्पना काढताना पुढारी आधी बोलले की बाकीचे 'तेच म्हणतो' म्हणतात. म्हणून बोलायच्या आधी प्रत्येकाने चित्र काढायचं. लिहिता न येणारेही काढतात. सगळे कागद एका दोरीवर कपडे वाळत घालतात तसे लावा, नाव न लिहिता. मग बोला.

निर्णय कसा घ्यायचा? हात वर करून मोजणी नको. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आपल्याच जिल्ह्यातलं गाव आहे. 2009 मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने चालते. निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि फक्त समजून घेणारा अभ्यास गट वेगळा, ही त्यांची युक्ती मला जगातल्या कुठल्याही डिझाइन कार्यशाळेपेक्षा उपयोगी वाटते. अभ्यास गटात कोणाला जिंकायचं नसतं. त्यामुळे "मला हे कळलं नाही" असं म्हणता येतं. निर्वासित वस्तीत तर हे फारच गरजेचं, कारण तिथे बहुमत म्हणजे अनेकदा एकाच भावकीचं किंवा एकाच पाड्याचं मत.

कच्चा नमुना, पूर्ण मापाचा

इथे जास्त वेळ द्या. बाकी सगळीकडे घाई केली तरी चालेल, इथे नको.

बर्फाच्या प्रश्नावर बायकांचं उत्तर साधं निघालं: बर्फ आदल्या संध्याकाळी आणून ठेवायचा. शंका एकच, रात्रभर टिकेल का? यावर कोणी डीप फ्रीझर म्हणालं, कोणी सोलर. मी म्हटलं, आधी थर्माकोलची पेटी घ्या. मासळीवाल्यांकडे जुनी मिळतेच. बाहेरून जुनी गोधडी आणि पोतं गुंडाळा, खालून विटांवर ठेवा, पाणी निघायला एका कोपऱ्यात भोक. संध्याकाळी बर्फ तोलून ठेवा, पहाटे पुन्हा तोला. दुसऱ्या रात्री गोधडीशिवाय ठेवून बघा. खर्च बर्फाचा तेवढा. उन्हाळ्यात मासळी आणि बर्फ जवळपास सारख्या वजनाचे लागतात, तेव्हा पहाटे उरलेल्या बर्फात किती मासळी बसेल याचा हिशेब बायकांनी बोटांवर केला.

बर्फ टिकला. पण भरलेली पेटी दोघींना काळी-पिवळीच्या टपावर चढवता येईना. कोणी "मोठी पेटी स्वस्त पडते" म्हणत होतं, तो मुद्दा तिथेच संपला. दोन छोट्या पेट्या, दोन्हींना दोराचे कान, आणि चालकाशी महिन्याचा ठराव की सगळ्या पेट्या एकाच फेरीत. ओट्याच्या एस्टिमेटच्या मानाने हे इतकं स्वस्त पडलं की वरच्या ऑफिसला ते 'काम' वाटेचना.

दुसरं उदाहरण बांधकामाचं. बोअरवेलजवळ बायकांसाठी न्हाणीघर करायचं होतं. नकाशा कागदावर दाखवला की सगळ्या 'छान छान' म्हणतात. नकाशा वाचायची सवय आपल्यालाच नसते, त्यांना कुठून असणार? म्हणून जमिनीवर चुन्याने खऱ्या मापाची रेघ मारा. चार कोपऱ्यांना बांबू, भोवती हिरवी शेडनेट, दाराच्या जागी जुनं फ्लेक्स. आता प्रत्यक्ष बादली, लोटा आणि कडेवर लेकरू घेऊन आत जायला सांगा. लगेच दिसतं:

आत उघडणारं दार बादलीला अडतं. लेकराला उभं करायला कोरडी जागा नाही. साडी टांगायची खुंटी डोक्याच्या वर, तीही ओल्या भिंतीवर. आणि दार पानठेल्याकडे तोंड करून! कागदावर दार 'रस्त्याकडे' होतं, आणि ते बरोबर वाटत होतं. चुन्याची रेघ पुसून वळवायला अर्धा तास लागला. सिमेंटची भिंत असती तर दोष त्यांच्या नावावर आला असता: "एवढं बांधून दिलं, वापरत नाहीत."

'वापरत नाहीत' हे वाक्य ऐकलं की आधी बांधकाम तपासा. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत 2017 नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या आले. घाईघाईने शौचालयं बांधली गेली, पण कित्येक ठिकाणी दिवा नाही, आतून कडी नाही, आडोसा नाही. बायका रात्री जायचं टाळायच्या, त्यासाठी जेवण-पाणीही कमी करायच्या, आणि न्हाणं झोपडीतच एका कोपऱ्यात. आकडा पूर्ण होता, वापर नव्हता. जॉर्डनच्या झातरी छावणीत, जी 2012 मध्ये उभी राहिली, सीरियातल्या लोकांनी छावणीची आखणी स्वतःच बदलली. राहायच्या पेट्या हलवून नातेवाइकांजवळ नेल्या, मुख्य रस्त्यावर भला मोठा बाजार वसवला. आखणाऱ्यांनी नंतर त्या बाजाराला धरून विचार करायला सुरुवात केली. तेच आधी केलं असतं तर?

मापांसाठी एक आधार हाताशी ठेवा. आपत्तीतल्या मदतीसाठी स्फिअर नावाची जागतिक किमान मानकं आहेत: माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, एका नळामागे 250 माणसं, पाण्याची जागा घरापासून 500 मीटरच्या आत, 20 माणसांमागे एक शौचालय. ती आणीबाणीची मापं आहेत, साठ वर्षं वसलेल्या गावाची नव्हेत. पण एखादी वस्ती आजही त्या मापाखाली असेल, तर ग्रामसभेत ते वाक्य उपयोगी पडतं.

कच्चा नमुना किती दिवस ठेवायचा? एक पाऊस आणि एक बाजार जाईपर्यंत. आणि तो इतका चांगला दिसू नये की लोकांना मोडायचा संकोच वाटेल. शेडनेट फाटकी असली तर उत्तमच. रंग दिलेल्या नमुन्यावर कोणी टीका करत नाही.

शेजारच्या गावाला विसरलात तर

पूर्व विदर्भात तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने बांधलेले, मासेमार ढिवर समाजाने राखलेले. मासळीच्या ठेक्यासाठी ढिवर समाजाच्या सहकारी संस्था आहेत. त्यात बंगाली वस्तीची मासेमारी वाढली की शेजारी कुरबुर सुरू होते: "यांना जमीन दिली, आता तलावही देणार का?" तुमचं काम फक्त वस्तीसाठी असेल तर ती कुरबुर तुम्हीच वाढवताय.

जगात हे ओळखून कामं झालीत. केनियात काकुमाजवळ 2016 मध्ये कालोबेयेई ही वसाहत अशीच आखली की निर्वासित आणि तिथले तुर्काना दोघांनी शाळा, दवाखाना, बाजार एकत्र वापरावेत. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, पण सुरुवातीपासून शेजारी टेबलावर होते हे महत्त्वाचं.

आमच्या बर्फाच्या पेट्यांत ढिवर बायकांना दुसऱ्या बाजारापासून घेतलं. उपकार म्हणून नाही. बर्फाची गाडी भरली तरच परवडते आणि एकट्या वस्तीने ती भरत नव्हती. शेजाऱ्याला बोलवायचं कारण असं हिशेबातलं असलं की ते टिकतं. भाईचाऱ्याच्या भाषणाने आलेला माणूस पुढच्या ठेक्याच्या लिलावापर्यंतच राहतो. ढिवर काकींनी आल्याआल्या एक सुधारणाही केली: पेटीच्या तळाला भाताचा पेंढा, म्हणजे वितळलेल्या पाण्यात मासळी बसत नाही. बंगाली मासींना ते पटायला वेळ लागला. रोहू कसा राखायचा हे ढिवर सांगणार, हे त्यांना पचेना. मग एका पेटीत पेंढा, एकीत नाही. बाजारात गलफडं उघडून दाखवली. वाद मिटला म्हणणार नाही, पण पेंढा राहिला.

पैसा आणि चावी

कच्चा नमुना पटला की मगच निधीकडे वळा, आणि तेव्हा हेड शोधा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाव गेल्याशिवाय काही हलत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच होते, 40 टक्के अबंधित. आमचं न्हाणीघर बंधितमध्ये बसलं. बर्फाच्या पेट्या कशातच बसल्या नाहीत, त्या बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून झाल्या. प्रत्येक गोष्ट सरकारी निधीत कोंबायचा हट्ट धरला की पेटीची इमारत होते.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. तिथेच चुन्याच्या रेघेचे फोटो आणि बायकांची चित्रं मांडा, ठराव त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. 'महिलांसाठी न्हाणीघर बांधणे' नव्हे, 'दार बोअरवेलकडे, बाहेर उघडणारे, आत कोरडा कट्टा व खुंटी' असं. ठरावात लिहिलेलं एस्टिमेटमध्ये येतं, एस्टिमेटमधलं बांधलं जातं, न लिहिलेलं ठेकेदार विसरतो. हे मी मोजमाप पुस्तिका भरता भरता शिकले.

बांधून झाल्यावरचे प्रश्न आधीच विचारून ठेवा. चावी कोणाकडे? ती माहेरी गेली तर कोणाकडे? बल्ब गेला तर कोण आणणार, पैसे कुठल्या डब्यातून? नाली कोण उपसणार, आणि त्या घराने नाही उपसली तर? रोवणीच्या दिवसांत कोण? तिबेटी वसाहतीत असाल तर हिवाळ्यात कोण, हा प्रश्न वेगळा लिहा, कारण उन्हाळ्यात हो म्हणालेला माणूस थंडीत स्वेटरच्या दुकानावर असतो. उत्तरं एका कागदावर, नावासकट, न्हाणीघराच्या आतल्या बाजूने लावा. बाहेर लावाल तर तो फलक होतो, आणि फलकावर नेत्याचं नाव यायला वेळ लागत नाही.

एक पावसाळा गेला की पुन्हा जा. उद्घाटनाला गेलेल्या माणसांना सोबत नेऊ नका, न सांगता जा. न्हाणीघरात ओल आहे का बघा. कोरडं असेल आणि आत सरपण भरून ठेवलेलं दिसलं तर कोणावर चिडू नका. सरपण तिथे का आलं ते विचारा. आमच्याकडे उत्तर आलं, पावसात लाकूड ठेवायला त्या भागात दुसरी पत्र्याखालची जागाच नाही. मग पुन्हा चुना, बांबू, शेडनेट, आणि नवीन कागदावर नवीन वाक्य.